घरच्या घरी ‘लाइट’ उपचार : विम्याचे पैसे मिळतात का? क्लेम करण्याआधी हे वाचा

जिते (ता. पेण) : सोरायसिस किंवा कोड (अंगावरचे पांढरे डाग) असलेल्या रुग्णाला त्वचारोगतज्ज्ञ अनेकदा ‘लाइट घ्या’ असं सांगतात. हा उपचार आठवड्यातून २ ते ३ वेळा, काही महिने घ्यावा लागतो. आठवड्याला ३ वेळा धरलं तर १२ आठवड्यांत ३६ फेऱ्या झाल्या. जिते स्टेशनवरून पनवेल किंवा मुंबई गाठायची तर काही मिनिटांच्या लाइटसाठी अख्खा दिवस मोडतो, मजुरी बुडते ती वेगळीच. त्यामुळे बरेच जण उपचार अर्धवट सोडतात. यावर उपाय म्हणजे घरी वापरायचं यंत्र. पण त्याचा खर्च विमा देतो का?

हा उपचार काय आहे?
यात ३११ ते ३१३ नॅनोमीटरच्या अतिनील किरणांचा ठरावीक डोस त्वचेवर दिला जातो. घरी घेतलेला उपचारही दवाखान्याइतकाच गुण देतो, असं सोरायसिसच्या रुग्णांवरील दोन अभ्यासांत दिसलं. २००९ साली नेदरलँड्समधल्या अभ्यासात १९६ रुग्ण होते, तर २०२४ साली अमेरिकेतल्या अभ्यासात ७८३. सोरायसिस आणि कोड हे दोन्ही आजार संसर्गजन्य नाहीत. कोड म्हणजे कुष्ठरोग नव्हे.

विमा कुठे अडतो?
- साधी मेडिक्लेम पॉलिसी २४ तास दवाखान्यात भरती झाल्यावर किंवा यादीतल्या डे-केअर उपचारांना पैसे देते. लाइट उपचार बहुतेक वेळा ओपीडीत मोडतो.
- पॉलिसीत ‘घरी उपचार’ असं लिहिलेलं असतं, पण त्याचा अर्थ वेगळा. रुग्णाला हलवता येत नाही किंवा दवाखान्यात खाट मिळत नाही, तेव्हाच ते लागू होतं.
- घरी वापरायची यंत्रं बऱ्याच पॉलिसींत वगळलेली असतात.
- कोडाचा उपचार ‘सौंदर्यासाठी’ म्हणूनही नाकारला जाऊ शकतो. कोड हा आजार आहे, हे डॉक्टरांच्या पत्रात स्पष्ट हवं.

मग पैसे कुठून मिळू शकतात?
- ओपीडी कव्हर असेल तर तपासणी आणि दवाखान्यातल्या लाइटचा खर्च मर्यादेत मिळू शकतो. यंत्राचं आधी लेखी विचारा.
- कंपनीचा ग्रुप विमा असेल तर एचआरकडे चौकशी करा. काही कंपन्या जादा सवलत देतात.
- पगारातून ईएसआयसी कापली जात असेल (पगार मर्यादा २१,००० रुपये), तर कामगाराला आणि कुटुंबाला ओपीडी उपचारही मिळतो. दवाखान्यातून त्वचारोगतज्ज्ञाकडे रेफर करून घ्या.
- महात्मा फुले जनआरोग्य योजना मान्यताप्राप्त रुग्णालयातल्या ठरलेल्या उपचारांसाठी आहे. घरच्या यंत्रासाठी त्यावर भिस्त ठेवू नका. चौकशीसाठी १५५३८८.

क्लेम कसा करायचा?
१. यंत्र घेण्याआधीच कंपनीला ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा. फोनवरचं ‘हो’ उपयोगी पडत नाही.
२. डॉक्टरांचं पत्र घ्या. त्यात आजाराचं नाव, अंगाचा किती भाग व्यापला आहे, आधीचे कोणते उपचार लागू पडले नाहीत, यंत्राचा प्रकार, डोस, कालावधी आणि दवाखाना किती लांब हे सगळं असावं.
३. फोटो, जुने कागद, जीएसटी बिल आणि चिठ्ठी जोडा.
४. नवीन पॉलिसी घेताना आजार लपवू नका. आधीपासूनच्या आजारासाठी प्रतीक्षा कालावधी जास्तीत जास्त ३६ महिने असतो. लपवलं तर पुढे दुसऱ्या मोठ्या आजाराचा क्लेमही अडकू शकतो.

नाकारला तर?
नकार लेखी घ्या. त्यात पॉलिसीचं कोणतं कलम लावलं ते बघा. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे जा. नंतर ‘बीमा भरोसा’ पोर्टल किंवा १५५२५५ या क्रमांकावर तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येतं. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही. लोकपालाचा पत्ता पॉलिसीच्या कागदांत छापलेला असतो. अलिबागच्या जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्गही खुला आहे. मात्र पॉलिसीत यंत्र स्पष्टपणे वगळलेलं असेल, तर तक्रारीने फारसं हाती लागत नाही.

सावधान
डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ऑनलाइन दिवा मागवू नका. जास्त डोसने त्वचा भाजते. डोळ्यांवर खास चष्मा आणि यंत्राला टायमर हवाच. सुरू असलेल्या सगळ्या गोळ्या डॉक्टरांना सांगा, कारण काही औषधांमुळे त्वचा लवकर भाजते. थोड्याच जागी डाग असतील तर हातात धरायचं छोटं यंत्र पुरतं का, हेही विचारा. पूर्ण अंगाच्या यंत्रापेक्षा ते बरंच स्वस्त पडतं, आणि विम्याने नकार दिला तरी उपचार थांबत नाही.