मेंदूंतील रक्ताचा मागोवा

सन १९२७ च्या जून महिन्यांत लिस्बन येथें एगास मोनिझ यांनीं मानेंतील धमनींत सोडियम आयोडाइडचें द्रावण सोडून मेंदूच्या धमन्यांचें क्ष-किरणचित्र मिळविलें. वातरक्तानें त्यांचे हात अधू झाले होते. शस्त्रकर्म अल्मेडा लिमा करीत. द्रावण क्षणांत पुढें वाहून जाई, म्हणून नेमका क्षण साधावा लागे.

पुढें सन १९८० मध्यें लिऑन ॲक्सेल यांनीं संगणकयुक्त क्ष-किरणयंत्रानें लागोपाठ चित्रें घेऊन रक्तप्रवाह मोजण्याची रीत मांडली. आतां एक क्षण पुरेना. द्रव मेंदूंत येतो, वाढतो, ओसरतो, हा सारा प्रवास टिपावयाचा. त्यास मिनिटभर किंवा थोडा अधिकच वेळ लागतो. सन २०१८ मध्यें प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनंतर निवडक पक्षाघाती रोग्यांची गुठळी चोवीस तासांपर्यंत काढूं लागले, तें पुष्कळदां याच मोजणीच्या भरंवशावर.

परंतु हृदय दुर्बळ असलें, अथवा मानेंतील धमनी अरुंद झाली असली, तर द्रव रेंगाळतो. यंत्र तत्पूर्वींच थांबलें, तर उशिरां कां होईना रक्त पोंचत असलेला जिवंत भाग मृत भासतो, आणि वांचण्याजोगा रोगी उपचारावांचून राहण्याचा धोका उद्भवतो. यास्तव शिरांतून द्रव ओसरेपर्यंत यंत्र चालूं ठेवतात.