विरळ हवा, वीज आणि देवरूखचा सडा

आजचा एपिसोड एका भांडणातून सुचलाय.

मे महिन्यात देवरूखला होतो. संध्याकाळी वळवाचं आभाळ भरून आलं, सह्याद्रीच्या कड्यावर विजा चमकायला लागल्या. मावसभाऊ म्हणाला, "वर घाटमाथ्यावर हवा विरळ, म्हणून वीज तिकडेच पडणार. चल, आपण सड्यावर जाऊन व्हिडिओ काढू." आजीने दोघांनाही घरात ओढलं. "गप बसा ओटीवर!" मग बरोबर कोण? थोडं इतिहासात जाऊ.

१८८९ साली जर्मनीत फ्रीडरिक पाशेन यांनी वेगवेगळ्या दाबाच्या हवेत ठिणगी पाडून बघितली. समुद्रसपाटीच्या हवेत ठिणगी पडायला दर मीटरला साधारण ३० लाख व्होल्ट लागतात. हवा विरळ केली की कमी पुरतात. का? विरळ हवेत इलेक्ट्रॉनला दोन धडकांमध्ये जास्त लांब धाव मिळते, जोर वाढतो, आणि तो पुढच्या रेणूतून आणखी इलेक्ट्रॉन उडवतो. साडेपाच किलोमीटर उंचीवर हवेचा दाब निम्मा होतो, म्हणजे व्होल्टही साधारण निम्मेच लागतात. म्हणजे भावाचं अर्धं बरोबर.

पुढचं नाव सी. टी. आर. विल्सन. १८९५ साली स्कॉटलंडच्या एका डोंगरावर वादळात त्यांच्या डोक्यावरचे केस ताठ उभे राहिले. तिथून विजेचा नाद लागला. १९२०च्या दशकात त्यांनी हिशेब मांडला: ढगापासून वर जावं तशी विजेची ओढ घटते, पण हवेची अडवण्याची ताकद त्याहून लवकर घटते. म्हणजे ढगाच्या खूप वरती, जवळजवळ रिकाम्या हवेतही चमक दिसायला हवी. १९८९ साली अमेरिकेत मिनेसोटाच्या शास्त्रज्ञांच्या कॅमेऱ्यात ती योगायोगाने सापडली! ५० ते ९० किलोमीटर उंचीवरच्या या लालसर झळाळीला आज 'स्प्राइट' म्हणतात.

आपल्याकडेही काम चालू होतं बरं का. १९३०च्या सुमारास मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत सुधांशुकुमार बॅनर्जी डोक्यावरून जाणाऱ्या गडगडाटी ढगांचं विद्युत क्षेत्र मोजत होते. पुढे तेच हवामान खात्याचे पहिले भारतीय महासंचालक झाले.

आता खरी गंमत. ढगात शिरून मोजलं तर दर मीटरला जेमतेम दोन-चार लाख व्होल्ट सापडतात. विरळ हवा धरली तरी ते कमीच. मग पहिली ठिणगी पडते कशी, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही.

उंची मात्र दुसऱ्या वाटेने महत्त्वाची ठरते. बर्फाचे कण आणि बारीक गारा एकमेकांवर आपटून ढगात विद्युतभार साठतो. त्यासाठी ढग शून्य अंशाच्या बराच वर चढावा लागतो. मे आणि ऑक्टोबरचे ढग तसे चढतात. जुलैतले बरेचसे ढग तेवढे उंच जात नाहीत. म्हणून कोकणात आषाढात पाऊस धो धो, पण विजा कमी.

आणि सडा? वीज ढगातून निघते ती कित्येक किलोमीटर उंचीवरून, साधारण ५०-५० मीटरच्या टप्प्यांनी खाली येते. कुठे पडायचं ते शेवटच्या काही दहा मीटरांत ठरतं, आणि तिथे समुद्रसपाटीपासूनची उंची बघितली जात नाही. आजूबाजूला सगळ्यात वर काय उठून दिसतं, ते बघितलं जातं. घाटातला सुळका, टॉवर, एकटं झाड. उघड्या सड्यावर, जांभ्या दगडाच्या त्या सपाट माळावर, ते 'सगळ्यात वर' म्हणजे हातात मोबाईल घेतलेले आम्ही दोघं!

तर आजी जिंकली.

गडगडाट ऐकू आला की पक्क्या घरात जा, नाहीतर बंद गाडीत बसा. झाडाखाली अजिबात नको. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं 'दामिनी' ॲप फोनमध्ये टाका, जवळपास विजा पडत असतील तर ते कळवतं. आणि गावाकडे शेतात राबणारं, गुरं राखणारं कोणी असेल, तर हा एपिसोड त्यांना नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!