तुकडेबंदी कायदा

महाराष्ट्र धारण जमिनींचे तुकडे पाडण्यास प्रतिबंध करणे व त्यांचे एकत्रीकरण करण्याबाबत अधिनियम, १९४७ हा तत्कालीन मुंबई प्रांतात संमत झालेला कायदा 'तुकडेबंदी कायदा' या नावाने परिचित आहे. शेतजमिनीचे न परवडणारे लहान तुकडे पडू नयेत, हा त्याचा हेतू होय. मात्र त्याचा सर्वाधिक जाच अल्पभूधारकांनाच होतो, अशी टीका केली जाते.

पार्श्वभूमी

वारसाहक्काच्या वाटणीत प्रत्येक भावास प्रत्येक शेतात हिस्सा देण्याच्या रिवाजामुळे एकाच कुटुंबाची जमीन अनेक ठिकाणी विखुरली जाई. बांधांखाली क्षेत्र वाया जाई आणि वहिवाटीच्या रस्त्यांवरून तंटे होत. अशा जमिनी सलग करण्यासाठी या कायद्यान्वये एकत्रीकरण योजना राबवण्यात आली. अनेक गावांतील गट क्रमांक तिच्यातूनच आले.

प्रमुख तरतुदी

शासनाने ठरवलेल्या प्रमाणभूत क्षेत्राहून लहान जमीन 'तुकडा' मानली जाते. कलम ७ नुसार तुकड्याची विक्री लगतच्या जमीनधारकासच करता येते, तर कलम ८ नवा तुकडा निर्माण करणाऱ्या हस्तांतरास व विभाजनास मनाई करते. २०२३ च्या अधिसूचनेनुसार बहुतेक जिल्ह्यांत हे क्षेत्र जिरायतीसाठी २० गुंठे व बागायतीसाठी १० गुंठे आहे (४० गुंठे म्हणजे १ एकर).

अल्पभूधारकांच्या अडचणी

आजारपण, शिक्षण किंवा कर्जफेडीसाठी चार-पाच गुंठे विकू पाहणाऱ्या शेतकऱ्यास शेजारी हाच एकमेव वैध ग्राहक उरतो; साहजिकच भाव पाडून मागितला जातो. दस्तनोंदणी न करता केवळ नोटरीच्या कागदावर व्यवहार केल्यास खरेदीदाराचे नाव सातबारावर चढत नाही. पीककर्ज, पीकविमा व अनुदाने यांसाठी सातबारा हाच मुख्य आधार असल्याने जमीन कसूनही तो शासकीय साहाय्यास मुकतो. वाटणी न झालेल्या सामाईक खात्यावर कर्ज घेताना सहधारकांच्या संमतीचा प्रश्न उद्भवतो.

न्यायनिर्णय व सुधारणा

अशा दस्तांची नोंदणी रोखणारे नोंदणी विभागाचे जुलै २०२१ चे परिपत्रक मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०२२ मध्ये रद्द केले. २०१७ च्या दुरुस्तीने जुने व्यवहार बाजारमूल्याच्या कमाल २५ टक्के शुल्क भरून नियमित करण्याची सोय केली. हे प्रमाण पुढे ५ टक्क्यांवर आणण्यात आले. विहीर, शेतरस्ता व ग्रामीण घरकुल यांसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीने लहान क्षेत्राच्या हस्तांतरास २०२४ मध्ये मुभा मिळाली.

परिणाम

कायदा असूनही जमिनीची विभागणी थांबली नाही. कृषिगणनेनुसार महाराष्ट्रातील सरासरी धारणक्षेत्र १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होते. २०१५-१६ मध्ये ते १.३४ हेक्टरपर्यंत घटले. शेतीबाहेरील रोजगार न वाढल्यास प्रत्येक वारस जमिनीवरच विसंबून राहतो आणि केवळ मनाईने वाटणी टळत नाही, हे यातून दिसते.