पोहलं कोण? घड्याळ की बाई?

आपल्या मध्यमवर्गात वॉटरप्रूफ घड्याळाला फार मान आहे. त्याला पाण्याजवळ नेत नाहीत! आंघोळीच्या आधी ते काढून फडताळात ठेवायचं, हात धुताना कोपरापर्यंत सरकवायचं आणि पाऊस आला की रुमालात गुंडाळून खिशात टाकायचं. जुन्या घड्याळांच्या तबकडीवर ‘वॉटरप्रूफ’ असं ठसठशीत लिहिलेलं असे. पण पाण्याला इंग्रजी वाचता येत नाही, अशी आपली पक्की समजूत.

हा शब्द एवढा गाजवला कुणी, याचा छडा लावायचं मी मनावर घेतलं. बँकेतल्या कारकुनाची शोध घेण्याची पद्धत एकच. नोंद बघायची, तारीख बघायची आणि साक्षीदार कोण ते विचारायचं.

सांगोवांगीची कथा अशी, की १९२७ साली एक बाई रोलेक्सचं घड्याळ मनगटावर बांधून इंग्लिश खाडी पोहून गेली आणि घड्याळ जसंच्या तसं चालू राहिलं. कथा झकास आहे. फक्त हिशेब जुळत नाही.

रोलेक्सचे संस्थापक हान्स विल्सडॉर्फ मूळचे बव्हेरियातले. लहानपणीच पोरके झालेले. १९०५ साली त्यांनी लंडनमध्ये भागीदारीत घड्याळांचा धंदा काढला. मनगटी घड्याळाचं दुखणं त्यांना ठाऊक होतं. पाणी आत शिरायला तीन वाटा : काच, मागचं झाकण आणि चावीचं भोक. पहिल्या दोन बंद करणं त्या मानानं सोपं. तिसरी अवघड, कारण चावी रोज द्यायचीच. तेव्हा पेरेगो आणि पेरे या दोन स्विस कारागिरांनी चावीच आट्यांवर फिरवून घट्ट बसवायची युक्ती काढली. आपल्या लोणच्याच्या बाटलीला फिरकीचं झाकण असतं ना, तशी. विल्सडॉर्फनी ते पेटंटच विकत घेतलं आणि १९२६ साली घड्याळ बाजारात आणलं. नाव ठेवलं ‘ऑयस्टर’, म्हणजे कालव. खडकावरची कालवं फोडलेल्या कोकणी माणसाला या नावाचा अर्थ समजावून सांगायला नको.

आता बाई. मर्सिडीस ग्लाइट्झ. नाव मोटारीचं, नोकरी लंडनमध्ये टायपिस्टची. म्हणजे आमच्याच जातकुळीतली! ७ ऑक्टोबर १९२७ रोजी ती फ्रान्सहून इंग्लंडला पोहत आली. वेळ १५ तास १५ मिनिटं. खाडी पोहून जाणारी पहिली ब्रिटिश स्त्री. त्या दिवशी तिच्या अंगावर ऑयस्टर नव्हतं.

चारच दिवसांनी डोरोथी लोगन नावाच्या डॉक्टरीणबाईंनी जाहीर केलं, की आपण याहून कमी वेळात खाडी पार केली. हजार पौंडांचं बक्षीसही त्यांना मिळालं. मग बाईंनी स्वतःच सांगून टाकलं, की सगळी थाप होती. लोकांना फसवणं किती सोपं आहे, तेवढं दाखवायचं होतं. चेक परत गेला. पण आमच्याकडे एक खोटी सही सापडली, की पुढे आठवडाभर खऱ्या सह्यासुद्धा भिंग लावून तपासतात. तसंच तिथे झालं. लोक खऱ्या टायपिस्टकडेही संशयानं बघू लागले.

ती म्हणाली, “पुन्हा पोहते.” २१ ऑक्टोबरला ती पाण्यात उतरली. या वेळी विल्सडॉर्फनी दिलेलं ऑयस्टर तिच्या गळ्यात होतं, मनगटावर नव्हे. पाणी बर्फासारखं गार. दहा तासांहून अधिक वेळ ती झुंजली. शेवटी अर्धवट शुद्धीत तिला नावेत ओढून घ्यावं लागलं. किनारा काही मैलांवरच राहिला. पण तो हट्ट डोळ्यांनी पाहिल्यावर पहिल्या पोहण्यावर शंका घ्यायला कुणाची जीभ रेटेना.

घड्याळ मात्र ठणठणीत! २४ नोव्हेंबरला ‘डेली मेल’च्या पहिल्या पानावर त्याची पानभर जाहिरात झळकली आणि घड्याळाचं नशीब उघडलं.

तेव्हा खतावणी अशी : खाडी पार केली ती बाईनं, तीही ऑयस्टरशिवाय. ऑयस्टर ज्या दिवशी गळ्यात होतं, त्या दिवशी खाडी पार झालीच नाही. पण खाडी जमा झाली घड्याळाच्या खात्यावर.

तरी घड्याळाचं श्रेय मी नाकारत नाही. दहा तास खाऱ्या पाण्यात राहून चालणं ही काय थट्टा आहे? खोट तेवढी एकच. रोज चावी दिल्यावर ती फिरवून घट्ट करायला माणूस विसरला, की कालव उघडंच! त्यावर १९३१ साली हाताच्या हालचालीनं आपोआप चावी भरणारं यंत्र आलं. मनुष्यस्वभाव ओळखून केलेला शोध म्हणतात तो हाच.

आणि मर्सिडीसबाई? पोहून मिळवलेल्या पैशांतून त्यांनी लेस्टर गावी बेघरांसाठी आसरा उभा केला. तो १९३३ साली उघडला आणि १९४० च्या बॉम्बवर्षावात पडला. जाहिरातीत एवढं सगळं मावलं नसतं म्हणा. पण यापुढे कुणी मनगट पुढे करून “याच घड्याळानं इंग्लिश खाडी पार केली बरं का!” म्हणालं, तर त्याला शांतपणे विचारा, “घड्याळानं? मग पोहत कोण होतं हो?”