मिहान (संगणक उद्योग)

नागपूरच्या दक्षिणेस विमानतळालगत वसवलेला मालवाहतूक व औद्योगिक प्रकल्प. ‘मल्टिमोडल इंटरनॅशनल कार्गो हब अँड एअरपोर्ट ॲट नागपूर’ या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून ‘मिहान’ हे नाव रूढ झाले. महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी (स्थापना २००२) ही त्याची प्रवर्तक संस्था. येथील विशेष आर्थिक क्षेत्रात टीसीएस, एचसीएल व इन्फोसिस यांची केंद्रे आहेत. भारतातील संगणकाच्या वाटचालीचे तीन टप्पे या तीन कंपन्यांच्या इतिहासातून दिसतात.

मेनफ्रेमचा काळ : संगणक ही मोजक्या संस्थांनाच परवडणारी चीज असताना, १९६८ मध्ये टाटा सन्सने मुंबईत टीसीएस सुरू केली. टाटा समूहातील कंपन्यांसाठी पंचकार्डांवरील हिशेबाची कामे ती प्रारंभी करी. फकीरचंद कोहली यांच्या नेतृत्वाखाली ती परदेशी ग्राहकांसाठी सॉफ्टवेअर लिहू लागली.

मायक्रोसंगणक : मायक्रोप्रोसेसरमुळे संगणक टेबलावर मावू लागला. अमेरिकेत अल्टेअर ८८०० (१९७५) व ॲपल २ (१९७७) ही यंत्रे आली. शिव नाडर व सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये स्थापलेल्या एचसीएलने १९७८ मध्ये ‘८सी’ हा भारतीय बनावटीचा मायक्रोसंगणक बाजारात आणला. आयबीएमने भारतातून काढता पाय घेतला, तोही याच सुमारास.

वैयक्तिक संगणक : १९८१ मध्ये आयबीएमचा पीसी आला, त्याच वर्षी पुण्यात इन्फोसिसची स्थापना झाली. आयातीवरील कडक निर्बंधांमुळे प्रारंभी कंपनीकडे स्वतःचा संगणक नव्हता. १९८४ च्या संगणक धोरणाने आयात सुलभ केली आणि पीसी कार्यालयांत, पुढे घरांत पोहोचला. खेळनिर्मितीलाही त्यातून वाट मिळाली : मुंबईत इंडियागेम्स (१९९९) ही कंपनी उभी राहिली आणि पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्सने ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ (२०२०) हा व्हिडिओ गेम घडवला.

महत्त्व : मिहानमधील संगणक उद्योग मुख्यतः सॉफ्टवेअर सेवांचा आहे. अभियांत्रिकी शिकलेल्या वैदर्भीय तरुणांना नोकरीसाठी पुणे, हैदराबाद वा बंगळूर गाठावे लागे; त्यांच्यासाठी घराजवळ संधी निर्माण होणे हे या प्रकल्पाचे मोठे फलित होय. मात्र त्यासाठी शिवणगाव, खापरी, तेल्हारा, दहेगाव आदी गावांतील शेतकऱ्यांनी जमिनी दिल्या. मोबदला व पुनर्वसनासाठी त्यांना दीर्घकाळ झगडावे लागले. त्यांच्या मुलांनाही येथील रोजगारात वाटा मिळणे ही मिहानच्या यशाची खरी कसोटी आहे.