रिकाम्या डब्याची कुळकथा

मार्कस सॅम्युअल हा लंडनचा व्यापारी हिशेबाला पक्का होता. त्याच्या वडिलांचा धंदा शिंपल्यांच्या शोभिवंत पेट्या विकण्याचा. मुलाने पुढे तेच नाव तेलाला दिले आणि ‘शेल’ कंपनी उभी राहिली. पण त्याआधी, १८९२ च्या ऑगस्टमध्ये, त्याचे ‘म्युरेक्स’ नावाचे जहाज काळ्या समुद्रावरच्या बाटुमी बंदरातून रॉकेल घेऊन निघाले आणि सुएझ कालवा ओलांडून सिंगापूर-बँकॉकच्या वाटेला लागले. पोटात टाक्या असलेले तेलवाहू जहाज त्या कालव्यातून प्रथमच जात होते. तोवर पूर्वेकडे येणारे रॉकेल पत्र्याच्या डब्यांत भरून, ते डबे लाकडी खोक्यांत घालून यायचे. सॅम्युअलचे गणित साधे होते. तेल थेट टाकीतून नेले की डब्याचा खर्च वाचेल, खोक्याचा वाचेल, जहाजातली जागाही वाचेल. बंदरावर टाक्या बांधून ठेवल्याच होत्या. गिऱ्हाईक आपापले भांडे घेऊन येईल आणि स्वस्तातले तेल घेऊन जाईल.

तेल स्वस्त होते, चांगले होते, पण खप होईना. का होईना, ते सॅम्युअलच्या माणसांना काही केल्या उमजत नव्हते. मग उलगडा झाला: लोकांना तेलाबरोबर डबाही हवा होता. प्रतिस्पर्धी अमेरिकन कंपनी स्टँडर्ड ऑइल आपले रॉकेल निळ्या डब्यांत विकायची. तेल संपले की त्या पत्र्यातून कुणी छप्पर शाकारी, कुणी शेगडी करी, कुणी चहाची गाळणी, कुणी अफूची वाटी. तेल जळून जाणार, डबा उरणार. मग जे उरते तेच नाकारणारा व्यापारी कुणाला हवा? सॅम्युअलने वेल्समधून कथलाचा मुलामा दिलेला पत्रा जहाजे भरभरून पाठवला, पूर्वेच्या बंदरांतच डबे बनवायची सोय केली आणि त्यांना झगझगीत लाल रंग दिला. निळ्यासमोर लाल उभा राहिला, आणि तेल खपू लागले.

‘टाकाऊतून टिकाऊ’ म्हटले की आपल्याकडे शाळेतला हस्तव्यवसायाचा तास नाहीतर आजीची काटकसर आठवते. दोन्हींत माल आधी बनतो, वापरला जातो, आणि उरलेल्याचे काय करायचे हा विचार मागाहून येतो. रॉकेलच्या डब्याची गोष्ट याच्या उलटी आहे. इथे घराघरांतल्या पुनर्वापराने बड्या तेलकंपनीला आपला बेत बदलायला लावला.

हा डबा जन्मला अमेरिकेत. १८५९ साली एडविन ड्रेकने पेनसिल्व्हेनियात टायटसव्हिलला तेलाची विहीर खणली आणि काही वर्षांतच दिव्याचे तेल जगभर निघाले. सुरुवातीला ते लाकडी पिंपांतून जायचे. उष्ण प्रदेशांत पिंपाच्या फळ्या सुकून आखडत, सांधे ढिले होत आणि तेल वाटेतच झिरपे. त्यावर उपाय म्हणून न्यूयॉर्कच्या डेव्हो कंपनीसारख्या कारखान्यांनी पाच अमेरिकन गॅलनचा चौकोनी पत्र्याचा डबा रूढ केला. असे दोन डबे एका लाकडी खोक्यात बसत. अमेरिकन पाच गॅलन म्हणजे इंग्रजी चार गॅलनच्या किंचित वर, त्यामुळे इंग्रजी अमलाखालच्या मुलखात तो ‘चार गॅलनचा डबा’ म्हणून स्थिरावला. चौकोनी का, तर जहाजात डब्याला डबा लागून बसतो, मधली जागा फुकट जात नाही.

ही सोय जहाजवाल्याची खरी, पण तिचा फायदा झाला पत्रेकामवाल्याला. गोल डबा उलगडला तर पत्र्याची वाक काढत बसावे लागते. चौकोनी डब्याच्या कडांवरून कातर चालवली की चार सपाट बाजू हातात येतात. पत्रा पातळ, साध्या कातरीने कापला जाणारा. वर कथलाचा थर असल्यामुळे लवकर गंजत नाही, आणि त्याच थरामुळे झाळही झटकन धरतो. म्हणजे भट्टी नको, ऐरण नको. कातर, हातोडी, झाळायचा खार आणि कथलाची कांडी एवढ्या सामानावर गल्लीच्या तोंडाशी दुकान थाटता येते. शिवाय सगळे डबे एका मापाचे. एकदा बेतलेला नमुना जन्मभर चालतो. हा डबा इतका कामाला आला त्याची कारणे त्याच्या घडणीतच आहेत. गरिबी तर सगळीकडे होती. असा पत्रा मात्र त्याआधी फुकटात कुणाच्या दारी आला नव्हता.

आपल्याकडे रॉकेल येण्याआधी दिवा जळायचा तो करडई, एरंडी, तीळ, खोबरे यांच्या तेलावर. रॉकेल त्याहून स्वस्त पडले आणि उजेडही जास्त देऊ लागले. त्याच्यामागून डबा घरात शिरला तो असा की शंभर वर्षे हलला नाही.

त्याचे काय काय झाले ते सांगू लागले तर घरातल्या प्रत्येक खोलीत डोकवावे लागेल. वरचा पत्रा कापून तोंडाशी आडवी दांडी ठोकली की पाणी भरायचा डबा झाला. असे दोन डबे बांबूला टांगले की कावड. तीन दगडांवर ठेवला की अंघोळीचे पाणी तापवायला बंबाची गरज नाही. बिजागरीचे झाकण आणि कडी बसवून घेतली की धान्याचा डबा, आणि असे डबे माळ्यावर ओळीने लावणे ही घराच्या सुबत्तेची खूण. बारक्या तुकड्यांतून नरसाळे निघे, मापे निघत, चाळणी निघे, खिळ्याने भोके पाडली की खोबरे किसायची किसणी. उरल्यासुरल्या पत्र्याची वात घालायची चिमणी होई, म्हणजे ज्या डब्यातून रॉकेल आले त्याच डब्याच्या पत्र्यात ते जळे. शेतात माळ्यावर बसून पाखरे उडवणाऱ्या राखणदाराच्या हाती काठी आणि डबा. बरोबर आलेले देवदारी खोकेही वाया जात नसे. त्याच्या फळ्यांची मांडणी होई, पाट होत, दुकानदाराचा गल्ला होई.

यातली मला सर्वांत डोकेबाज वाटते ती भुशाची शेगडी. डब्याच्या बुडाशी एका बाजूला भोक पाडायचे. आत मधोमध बाटली उभी धरायची आणि खालच्या भोकातून एक लाकूड आडवे घालून तिला भिडवायचे. मग भोवती लाकडाचा भुसा मुठीने नाहीतर बत्त्याने ठासून भरायचा. भुसा घट्ट बसला की बाटली हलक्या हाताने फिरवत वर काढायची आणि आडवे लाकूड ओढून घ्यायचे. आत सरळ बीळ तयार. खालून पेटवले की वारा बुडातून शिरतो आणि भुसा आतून बाहेर, थराथराने जळत जातो. नीट ठासलेली शेगडी दोन-तीन तास न फुंकता चालते. डाळ शिजते, पाणी तापते. सैल भरली तर मात्र भुसा मधेच ढासळतो आणि घरभर धूर. डबा टाकाऊ, भुसा वखारीतला टाकाऊ, बाटलीही बहुधा औषधाची रिकामी. किती हुशार माणसाला हे प्रथम सुचले असेल, त्याचे नाव कुठेच नाही. आमच्याकडच्या बायका भुसा भरण्यात कुणाचा हात चांगला यावरून एकमेकींना नावाजत, नाहीतर नावे ठेवत.

पण या कौतुकात दुसरी बाजू झाकून जाऊ नये. ए. आर. बर्नेट-हर्स्ट यांनी मुंबईतल्या कामगारांच्या राहणीवर १९२५ साली पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात गिरणगावच्या झोपड्या कशाच्या बांधल्या आहेत ते सांगताना नालीदार पत्रे आणि लाकडाबरोबर रॉकेलचे रिकामे डबे येतात. डबे चपटे करून ठोकलेल्या भिंती! उन्हाळ्यात तापणाऱ्या, पावसात वाजणाऱ्या. चाळीतल्या माळ्यावरचा डबा काटकसरीचा, झोपडीच्या भिंतीतला डबा नाइलाजाचा. वस्तू एकच असली तरी दोन्हींना ‘बचत’ हाच शब्द लावणे मला पटत नाही.

हा डबा जिथे जिथे गेला तिथे असाच रुजला. जपानात अठरा लिटरचा चौकोनी डबा आजही प्रमाणित आकार आहे आणि त्याला जुनी माणसे ‘रॉकेलचा डबा’ अशाच अर्थाच्या नावाने ओळखतात. ऑस्ट्रेलियात मंदीच्या काळात त्याची कपाटे झाली. पूर्व आफ्रिकेत हिंदी व्यापाऱ्यांबरोबर आपला डबाही गेला आणि स्वाहिलीत ‘डेबे’ होऊन बसला. तिथल्या बाजारात मका डेब्याने मोजला जाई. दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात ब्रिटिश फौजेला पेट्रोल याच चार गॅलनच्या पातळ डब्यांतून मिळे. ते इतके गळत की शेवटी जर्मनांच्या कॅनची नक्कल करावी लागली. पण गळका डबा अर्धा कापून, त्यात वाळू आणि थोडे पेट्रोल ओतून सैनिकांनी चहा मात्र भरपूर उकळला.

हिंदुस्थानात डब्यांची मागणी एवढी वाढली की वेल्समधून पत्रा आणत राहणे परवडेना. बर्मा ऑइल कंपनीने टाटांना हाताशी धरून १९२० साली टिनप्लेट कंपनी ऑफ इंडिया काढली आणि जमशेदपूरजवळ गोलमुरीला १९२२ पासून पत्रा निघू लागला. तेल विकणाऱ्या कंपनीला पत्र्याचा कारखाना काढावा लागला, यात सॅम्युअलला मिळालेला धडाच पुढे चालला होता.

पुढे घरात आणखी एक डबा आला. १९३७ मध्ये बाजारात उतरलेल्या डालडाचा, पिवळा, त्यावर हिरवे ताडाचे झाड. मुंबईत शिवडीच्या कारखान्यातून हे वनस्पती तूप निघे. तुपाबद्दल लोकांनी शंका घेतल्या, डब्याबद्दल एकानेही नाही. कुंडी महाग म्हणून तुळस त्यात लागली, शेवंती लागली. गावोगाव पहाटे परसाकडे जाणाऱ्यांच्या हातातही तोच पिवळा डबा दिसे. कंपनीच्या जाहिरातदारांना इतक्या दूरवरचा प्रचार काही सुचला नसता. आणि पोरांनी फुटका डबा उचलून ‘डबा ऐसपैस’ मांडला. ज्यावर राज्य असेल त्याने लाथ मारलेला डबा आणून जागेवर ठेवायचा आणि लपलेल्यांना हुडकायचे. एवढ्या खेळाला सामान लागते ते एकच, आणि तेही उकिरड्यावरचे.

मोठ्या डब्याचा आकार मात्र रॉकेल गेल्यावरही सुटला नाही. रॉकेल पुढे पंपांवर आणि हातगाडीवरच्या पिंपांतून मिळू लागले, पण खाद्यतेल आणि वनस्पती तूप चौकोनी डब्यातच राहिले. वनस्पतीचा डबा बरीच वर्षे साडेसोळा किलोचा असे. आकडा आडनिडा वाटतो. पण चार इंग्रजी गॅलन म्हणजे सुमारे १८.२ लिटर, आणि तेवढ्या मापात तेल भरले की वजन साडेसोळा किलोच्या आसपासच भरते. गॅलन कायद्याने गेला तरी पत्र्याच्या मापात राहून गेला. नंतर तो आकडा पंधरा किलोवर आला. निळ्या डब्यांच्या स्टँडर्ड ऑइलचा इथला वारसा एस्सोमार्गे १९७४ साली हिंदुस्थान पेट्रोलियमकडे गेला, लाल डब्यांचा बर्मा-शेलमार्गे १९७६ साली आजच्या भारत पेट्रोलियमकडे. दोन्ही कंपन्यांची मुख्यालये मुंबईत आहेत.

मग प्लास्टिकचे कॅन आले, पाठोपाठ एक लिटरची पिशवी आली आणि घरातला डब्याचा ओघ आटला. लोक उधळे झाले म्हणून काटकसर संपली असे आपण म्हणतो, ते अर्धेच खरे आहे. तेलाच्या रिकाम्या पिशवीतून काय काढणार? ती झाळता येत नाही, तिची किसणी होत नाही. पुनर्वापर करायचा तर वेष्टन त्या लायकीचे असावे लागते, आणि ते ठरवणारा आपण नसतो, कारखानदार असतो. १८९२ च्या गिऱ्हाइकाने निदान तेल घ्यायचे नाकारले होते.

जे डबे अजून येतात, हॉटेलांत, मिठाईवाल्यांकडे, लग्नाच्या स्वयंपाकात, त्यांना आजही भाव आहे. मुंबईत धारावीत तेलाचे रिकामे डबे गोळा होतात, गरम पाण्याने धुतले जातात, पोचे काढून पुन्हा विकले जातात. त्यांत रंग भरा, रसायन भरा, हरकत नाही. पण २०१८ च्या अन्नसुरक्षा नियमांनुसार एकदा वापरलेल्या पत्र्याच्या डब्यात पुन्हा खाद्यपदार्थ भरून विकायला बंदी आहे. कारण उघड आहे: कथलाचा थर झिजलेला असतो, पत्रा गंजू लागतो, आणि बाहेर नामांकित तेलाचे नाव तसेच असल्यामुळे आत भेसळीचे तेल भरणाऱ्याचे फावते.

तेव्हा दिवाळीला तेलाचा डबा घेतलात, तर तो धुऊन पुसून धान्याला, कुंडीला, पाणी तापवायला, हवा तसा वापरा. भंगारवाल्याला द्यायचाच असेल, तर देण्याआधी बुडाला खिळ्याने दोन भोके पाडा. पत्र्याचे पैसे तो कमी देणार नाही, आणि त्या डब्यातून भेसळीचे तेल कुणाच्या घरी जाणार नाही.