त्या शास्त्रज्ञाला नाव नव्हतं का?

मागच्या भागात आपण कानाला होणाऱ्या भासांबद्दल बोललो. त्यात आम्ही म्हणालो, "परदेशातल्या एका शास्त्रज्ञाने शोधून काढलं," आणि पुढे गेलो. दोन दिवसांनी एका गटातल्या ताईंचा फोन आला. "माहिती छान होती, पण त्या शास्त्रज्ञाला नाव नव्हतं का? आणि तुम्हाला हे मिळालं कुठं?" आम्ही वरमलो. मोबाइलवर फिरत आलेल्या एका व्हिडिओत ऐकलं आणि तुम्हाला सांगितलं, एवढंच आम्ही केलं होतं. मग शोधायला बसलो. पहिल्यांदा कळलं ते हे, की तो शास्त्रज्ञ 'तो' नव्हताच.

त्यांचं नाव डायना डॉइच. जन्म १९३८ चा, लंडनचा. शिक्षण ऑक्सफर्डला, आणि पुढचं काम अमेरिकेत, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो इथल्या शाखेत. सूर कानात शिरल्यावर मेंदू त्याचं काय करतो, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय.

१९७३ साली त्यांनी एक साधा प्रयोग मांडला. भजनी मंडळातली पेटी आठवा. एक खालचा सा, एक वरचा सा. हे दोन सूर त्यांनी हेडफोनमधून दोन्ही कानांना एकाच वेळी दिले, पण उलटसुलट. उजव्या कानात वरचा तेव्हा डाव्यात खालचा. पाव सेकंदाने अदलाबदल, आणि असंच पुढे चालू. म्हणजे प्रत्येक कानात दोन्ही सूर पडत होते. डॉइचबाईंना मात्र ऐकू आलं ते भलतंच: उजव्या कानात फक्त वरचा सूर, मग डाव्या कानात फक्त खालचा, पुन्हा उजव्यात वरचा. आता आपण काय म्हणू? यंत्र बिघडलं असेल. त्यांनी हेडफोन काढून उलटे घातले. तरी वरचा सूर उजव्याच कानात! दोष यंत्रात नव्हता, ऐकण्यातच होता.

दुसऱ्या वर्षी, १९७४ मध्ये, 'नेचर' या नावाजलेल्या विज्ञान-नियतकालिकात त्यांनी हे छापलं. सूर कसे तयार केले, किती वेळ वाजवले, कोणाकोणाला ऐकवले, सगळं त्यात आहे. त्यामुळे दुसऱ्या कुणालाही तोच प्रयोग पुन्हा करून बघता येतो. शोध कुणाचा, असा वाद उद्या निघाला तर तारखेसकट कागद हजर आहे. बचत गटाच्या बैठकीत ठराव वहीत का चढवतो, ते तुम्हाला आम्ही काय सांगावं!

त्या लेखातली माहिती आमच्या व्हिडिओशी ताडून पाहिली तेव्हा पंचाईत झाली. व्हिडिओत होतं, "सगळ्यांना वरचा सूर उजव्या कानात ऐकू येतो." डॉइचबाईंनी 'सगळ्यांना' म्हटलेलंच नाही. उजव्या हाताने काम करणाऱ्यांचा कल तसा असतो. डावखुऱ्यांचा तसा ठाम कल दिसत नाही, असं त्यांनी नोंदवलं होतं. काहींना तर तिसरंच काही ऐकू येतं. एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जाताना डावखुरी माणसं गळून पडली, आणि आम्हीही ती गाळूनच तुमच्यापर्यंत पोचवली.

दुसरी चूक उलट्या बाजूची. सूर सतत वर वर चढत असल्यासारखा वाटतो पण कुठंच पोचत नाही, असा एक भास आहे. व्हिडिओने तोही डॉइचबाईंच्या नावावर टाकला होता. तो रॉजर शेपर्ड यांचा, १९६४ चा. त्याच धर्तीचे सूर वापरून डॉइचबाईंनी १९८६ मध्ये आपला वेगळा भास दाखवला: सुरांची एकच जोडी, एकाला चढती वाटते तर शेजारच्याला उतरती. पुढे त्यांनी कॅलिफोर्नियातली आणि दक्षिण इंग्लंडमधली माणसं पडताळली, तर ऐकण्यात फरक निघाला. लहानपणापासून कानावर पडलेल्या बोलीचा हा परिणाम असावा, असं त्यांचं मत. हे त्यांचं श्रेय पुरेसं मोठं आहे. त्यात शेपर्डांचं मिसळायची गरज नाही.

आणखी एक गोष्ट आम्हाला शोधताना समजली. भास सापडणं वेगळं आणि तो का होतो ते सांगणं वेगळं. डॉइचबाईंचं म्हणणं असं, की सूर कोणता हे ठरवताना मेंदू एका कानाचं ऐकतो, आणि तो कुठून आला हे ठरवताना वरच्या सुराच्या बाजूला जातो. २००२ मध्ये काही संशोधकांनी हे कारण पटत नाही असं लिहिलं. बाईंनी २००४ मध्ये उत्तर दिलं. कारणावर वाद झाला, पण भास पहिल्यांदा कुणी दाखवला यावर नाही.

तुम्हाला सगळ्यात आवडेल तो भास १९९५ चा. एका सीडीसाठी बाई स्वतःचं बोलणं तपासत होत्या. चार शब्दांचा तुकडा पुन्हा पुन्हा वाजत राहिला, आणि थोड्या वेळाने त्यांना वाटलं, खोलीत कुणी बाई गातेय. आवाज त्यांचाच, बोललेलाच, एका सुराचाही बदल नाही. यावरचा सविस्तर अभ्यास छापून आला २०११ मध्ये, आणि त्यावर बाईंबरोबर ट्रेव्हर हेन्थॉर्न आणि रेचेल लॅपिडिस यांचीही नावं आहेत. आम्ही तिन्ही सांगतोय.

हा बोलण्याचं गाणं होणारा भास आपल्या रेडिओवरूनही ऐकवता येतो, तो पुढच्या भागात ऐकवू. सुरांच्या अदलाबदलीचा मात्र नाही, कारण त्याला दोन कानांत दोन वेगळे आवाज लागतात. त्यासाठी दोन्ही कानांचा इअरफोन घेऊन गटात बसा. एकदा सरळ लावा, एकदा उलटा, आणि काय ऐकू आलं ते वहीत लिहून कळवा. गटात कुणी डावखुरी असेल तर तिच्या नावापुढे तसं जरूर लिहा.